जळण चांगलं, शेगडी चांगली, तरी घर का तापत नाही?

थंडी वाढली की लाकडाच्या शेगडीच्या तक्रारी ठरलेल्या असतात. लाकूड पेटत नाही. पेटलं तर टोकाशी फेस काढत सूं सूं करत राहतं. दार उघडलं की धूर खोलीत येतो, काच दोन दिवसांत काळी होते, रात्री भरून ठेवलेली शेगडी पहाटे गार असते आणि एवढं जळण घालूनही घर कोमटच राहतं. मग कोणी शेगडी बदलतो, कोणी दुसऱ्या जातीचं लाकूड आणतो, आणि पुढच्या थंडीत पुन्हा हेच.

या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: लाकडात मुरलेलं पाणी. म्हणून तपासणी पाण्यापासून सुरू करावी. नंतर चिमणीची ओढ, मग हवेचं नियंत्रण आणि सगळ्यात शेवटी लाकडाची जात. लोक नेमका उलटा क्रम धरतात.

पुढचं सगळं दार असलेल्या बंद लोखंडी शेगडीबद्दल आहे, जिचा धूर नळीतून चिमणीत जातो.

पाणी किती, ते आधी मोजा

नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. जळणासाठी ते पाचव्या हिश्शाच्या खाली यायला हवं. १० किलो जळणात २० टक्के ओलावा असेल तर दर भरणीला २ लिटर पाणी शेगडीत जातं. ४५ टक्के असेल तर साडेचार लिटर. वाळलेलं लाकूड किलोला सुमारे ४ युनिट (विजेच्या बिलातलं युनिट, म्हणजे किलोवॉट-तास) उष्णता देतं, निम्मं ओलं लाकूड जेमतेम सव्वादोन युनिट.

हा हिशोब कागदावरचा झाला. प्रत्यक्षात तोटा याहून जास्त होतो. लाकूड तापलं की त्याच्या कोरड्या वजनाचा साधारण ८० टक्के भाग वायू होऊन सुटतो, बाकीचा कोळसा म्हणून उरतो. ते वायू पूर्ण जळायला ६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. पण लाकडाच्या ज्या भागात पाणी आहे तो भाग पाणी उडून जाईपर्यंत १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि निघालेली वाफ भट्टीला गार ठेवते. त्यामुळे वायू न जळताच चिमणीत शिरतात. धूर म्हणजे हेच न जळलेलं इंधन. थोडा भाग बाहेर जातो, थोडा नळीच्या आतल्या बाजूला डांबर होऊन चिकटतो.

मोजायला दोन खिळ्यांचा मॉइश्चर मीटर पुरतो, पण तो चुकीच्या जागी टोचला जातो. बाहेरच्या पृष्ठभागावर किंवा टोकावर टोचून १५ आकडा आला तर त्याला काही अर्थ नाही. लाकूड एक दिवस घरात ठेवा, मग फोडा आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या बाजूवर मधोमध, दोन्ही खिळे तंतूंच्या रेषेत धरून, दोन-तीन ठिकाणी टोचा. गोठलेल्या लाकडावर मीटर हमखास कमी आकडा दाखवतो, म्हणून आधी घरात ठेवणं टाळू नका.

आणखी एक घोळ आकड्याचाच आहे. बहुतेक मीटर पाण्याचं प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाशी मोजतात. वरचे २० आणि ४५ टक्के मात्र एकूण वजनाशी मोजलेले आहेत. एकूण वजनाच्या २० टक्के पाणी म्हणजे मीटरवर २५. त्यामुळे मीटरवर २० किंवा कमी आलं तर निर्धास्त वापरा, २० ते २५ चालून जाईल, ३० च्या वर असेल तर ते जळण या थंडीचं नाही.

मीटर नसेल तर तराजू चालतो. ढिगाच्या मधले चार-पाच तुकडे काढून प्रत्येकाच्या टोकावर वजन आणि तारीख लिहा, जागेवर ठेवा, तीन आठवड्यांनी परत तोला. वजन अजून उतरत असेल तर लाकूड अजून वाळतंय. दोन तुकडे एकमेकांवर आपटून ऐकण्याची जुनी रीतही उपयोगी आहे. वाळलेलं ठणठणतं, ओलं धप्प वाजतं. टोकावरच्या भेगांवर मात्र विसंबू नका. लाकडातलं पाणी टोकांकडून बाजूंपेक्षा दहा-पंधरा पट वेगानं बाहेर पडतं, त्यामुळे टोकं आधी वाळतात आणि तडकतात, तेव्हा मधला भाग ओलाच असू शकतो. उभं वाळलेलं झाडही फसवतं. त्याच्या फांद्या काडीसारख्या मोडतात, पण बुंध्याचा खालचा भाग पुष्कळदा ओला निघतो.

पावसात भिजलेलं लाकूड ही वेगळी गोष्ट. आधी नीट वाळलेलं असेल तर वरचं पाणी वाऱ्यावर चार-पाच दिवसांत निघून जातं.

वर्ष झालं, तरी लाकूड ओलंच

वर्षभर ठेवलेलं लाकूड म्हणजे वाळलेलं लाकूड, हा समज सगळ्यात जास्त घात करतो. गोल ओंडके न फोडता ठेवले असतील तर साल पाण्याला बाहेर पडू देत नाही. बर्चची साल तर इतकी घट्ट असते की अख्खा ओंडका आतून कुजतो. म्हणून आधी फोडणं, मग रचणं. फाकेची जाडी ८ ते १५ सेंटिमीटर ठेवा, लांबी शेगडीच्या पोटापेक्षा ७-८ सेंटिमीटर कमी. निलगिरीसारखं पिळदार तंतूंचं लाकूड ओलं असतानाच फोडून घ्यावं. वाळल्यावर त्यात पाचर अडकते आणि घणानेही दाद देत नाही.

रचताना ढीग जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर वर, फळ्यांवर किंवा दांड्यांवर घ्या. रांग एकेरी असावी आणि फाकांची टोकं वाऱ्याकडे असावीत. आच्छादन फक्त वरून. ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत गुंडाळली की आतलं पाणी तिच्यावरच घाम धरतं आणि परत लाकडावर ठिबकतं. भिंतीला लागून रचायचं असेल तर मागे हाताचा पंजा सहज जाईल एवढी फट ठेवा.

असं रचलेलं पाइन, स्प्रूस, पॉप्लर यांसारखं हलकं लाकूड ६ ते १२ महिन्यांत तयार होतं. बर्च आणि ॲश यांना साधारण वर्ष धरा. ओकला दोन वर्षं द्यावी लागतात, आणि त्यात घाई करून काही हाती येत नाही. ॲश ताज्या अवस्थेतही बाकीच्यांपेक्षा कमी ओलं असतं, म्हणून ते तोडल्या तोडल्या जाळता येतं असं सांगतात. पेटतं खरं, पण एकतृतीयांश वजन पाण्याचं असलेलं लाकूड जाळण्यात कसलाच फायदा नाही.

थंडी आली आणि हाताशी फक्त ओलं लाकूड आहे, तर काय? ते आणखी बारीक, ५-६ सेंटिमीटर जाडीचं फोडा आणि आठवडा-दोन आठवड्यांच्या वापरापुरतं शेगडीच्या खोलीत, शेगडीपासून निदान १ मीटर लांब, हवा खेळेल असं रचा. शेगडीवर किंवा तिला टेकून लाकूड वाळत घालण्यातून घरं पेटली आहेत. तो मोह अजिबात नको. मधल्या काळात भुशाच्या दाबलेल्या विटा वापरता येतात, त्यांत ओलावा १० टक्क्यांच्या आत असतो. तापल्यावर त्या फुगतात, म्हणून शेगडीचं पोट निम्म्याहून जास्त भरू नका. माल वाहण्याच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या कोरड्या असतात, पण त्यांच्यावरचा शिक्का बघा. इंग्रजीत ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते जाळायचं नाही, आणि शिक्काच नसेल किंवा फळीवर काही सांडल्याचे डाग असतील तर तेही नाही.

जातीचा फरक कुठे पडतो

किलोला किलो तोललं तर सगळी वाळलेली लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात. राळ असलेली, म्हणजे पाइन-देवदार वर्गातली, किंचित जास्तच देतात. फरक आहे तो घनतेचा. वाळलेलं काटेसावर घनमीटरला ४०० किलोही भरत नाही. पॉप्लर आणि स्प्रूस ४५० च्या आसपास, पाइन ५००, बर्च ६५०, ॲश, बीच आणि ओक ७०० च्या जवळ, बाभूळ ७५० ते ८००, आणि सुरूचं लाकूड त्याहूनही जड. शेगडीच्या पोटाचं माप ठरलेलं असतं. त्यात सावर भरली की दर तासाला उठावं लागतं, बाभूळ भरली की निम्म्या फेऱ्यांत भागतं. एवढाच अर्थ.

यातून खरेदीची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. जळण वजनावर घेत असाल तर जातीपेक्षा कोरडेपणा बघा, नाहीतर पाणी विकत घ्याल. ढिगावर किंवा गाडीवर घेत असाल तर जड जात घ्या, आणि फाका किती सैल रचल्या आहेत तेही बघा.

पाइनमुळे चिमणीत डांबर साचतं, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. डांबर थंड, कोंडलेल्या आगीतून होतं. ओलं ओक हवा बंद करून धुमसवलं तर वाळलेल्या पाइनपेक्षा कितीतरी जास्त डांबर करतं. वाळलेलं पाइन उलट चटकन पेटतं आणि शेगडी लवकर तापवतं. त्याचा दोष एवढाच की ते भराभर संपतं आणि राळेच्या कप्प्यांमुळे तडतडून ठिणग्या उडवतं, म्हणून उघड्या फायरप्लेसमध्ये नको. एकदम पोट भरून घातलं तर शेगडी बेफाम तापते. पत्रा लालसर दिसू लागला तर हवा लगेच कमी करा. तिथून पत्रा वाकतो आणि सांधे सुटतात.

व्यवहारात दोन जाती ठेवाव्यात. पेटवायला आणि सकाळी लवकर ऊब हवी तेव्हा हलकं लाकूड, एकदा निखारे जमले की जड लाकूड. कुजून भुसभुशीत झालेलं लाकूड वाळलेलं असलं तरी त्यात फारसं काही उरलेलं नसतं. बांबू जाळायचा तर उभा चिरून. पेरांतली कोंडलेली हवा तापून फुटते आणि निखारे उडतात.

काही लाकडं शेगडीत जाताच कामा नयेत. कण्हेर विषारी आहे, तिचा धूरही. बिब्ब्याचा चीक कातडी भाजतो आणि धूर डोळ्यांना व श्वासाला त्रास देतो. रंग, वार्निश किंवा वाळवीचं औषध लावलेलं लाकूड, प्लायवुड, भुशाचे दाबलेले बोर्ड हे सगळं वगळा. जुन्या औषध लावलेल्या खांबांत आर्सेनिक असू शकतं, ते राखेत उतरतं. समुद्रातून वाहून आलेल्या लाकडातलं मीठ लोखंड खातं आणि त्याचा धूर विषारी असतो.

पेटवताना धूर मागे येतो

धूर वर जातो तो चिमणीतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम आणि म्हणून हलकी असते म्हणून. रात्रभर बंद राहिलेल्या चिमणीत, विशेषतः ती घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर, थंड हवेचा खांब उभा असतो. तो खाली उतरू बघतो आणि त्याच्यासमोर काड्या पेटवल्या तर धूर दारातून येणारच. पेटवण्याआधी दार उघडून आत पेटती उदबत्ती धरा. धूर वर ओढला गेला तर ठीक. खोलीकडे वळला तर आधी चिमणी गरम करायची: वर्तमानपत्राचा एक सैल बोळा नळीच्या तोंडाशी, शक्य तितका वर धरून जाळा. लागला तर दुसरा. ओढ सुरू झाल्याचा आवाज ऐकू येतो.

त्याच वेळी स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू आहे का, ते बघा. घट्ट बंद घरात तो पंखा चिमणीतूनच हवा आत खेचतो. पंखा बंद करा, शेगडीजवळची खिडकी बोटभर उघडा. तेवढ्यानं धूर थांबला तर दोष शेगडीचा नव्हता, घरात हवा यायला वाट नव्हती.

आग वरून पेटवा. खाली १० सेंटिमीटर जाडीच्या तीन फाका, मधे बोटभर फट ठेवून. त्यांच्यावर आडव्या चार, ५ सेंटिमीटरच्या. त्यांच्यावर अंगठ्याएवढ्या आठ-दहा चिरफळ्या, आणि सगळ्यात वर ढलप्या किंवा वाळलेली साल. काडी वर लावायची. हवा पूर्ण उघडी, दार पहिली पाच मिनिटं बोटभर उघडं, आणि तेवढा वेळ तिथून हलायचं नाही. ज्वाळा सुरुवातीपासून वर असल्यामुळे चिमणी लगेच तापते आणि खालून सुटणारे वायू ज्वाळेतूनच जातात. खालून पेटवलेल्या ढिगात हेच वायू वरच्या थंड लाकडांना लागून धूर होतात. पंधरा-वीस मिनिटांनी खालच्या फाकांनी पेट घेतला की हवा टप्प्याटप्प्यानं कमी करायची.

पेटवताना त्रास नाही, पण लाकूड घालायला दार उघडलं की धूर येतो, ही तक्रार वेगळी. पहिलं कारण सवयीचं. दार झटक्यात उघडलं की धूर हवेबरोबर बाहेर ओढला जातो. आधी हवा पूर्ण उघडा, मिनिटभर थांबा, दार बोटभर किलकिलं करून दहा सेकंद धरा, मग उघडा. निखाऱ्यांवर आल्यावरच भरा, ज्वाळा जोरात असताना नको.

तरीही धूर येत असेल तर वाट कुठेतरी अडली आहे. चिमणीच्या टोपीची जाळी काजळीनं बुजलेली असते, शेगडीच्या छताजवळच्या आडव्या पाटीवर राख साचलेली असते, किंवा आडव्या नळीत. ही तीन ठिकाणं आधी. नंतर रचना तपासा. चिमणीचं तोंड छपरातून ती बाहेर पडते तिथून किमान ९० सेंटिमीटर वर आणि ३ मीटरच्या परिघातल्या कुठल्याही भागापेक्षा किमान ६० सेंटिमीटर उंच असावं. नळीत ९० अंशांचं एक वळण असण्यापेक्षा ४५ अंशांची दोन बरी.

फक्त वाऱ्याच्या दिवशी धूर येत असेल तर वारा छपरावरून खाली वळतोय. उंची किंवा टोपी बदलावी लागेल. फक्त उबदार, वारा पडलेल्या दिवशी येत असेल तर बिघाड कसलाच नाही. आत-बाहेरच्या तापमानात फरकच कमी आहे, म्हणून ओढ नाही. त्या दिवशी बारीक लाकडाची छोटी, जोरकस आग करा.

काच काळी, नळीत डांबर

काच हा सगळ्यात स्वस्त मापक आहे. पूर्ण काच काळी होत असेल तर आग थंड चालते आहे: लाकूड ओलं, किंवा हवा फार लवकर बंद केली. एकच कोपरा काळा होत असेल तर तिथे लाकूड काचेला टेकतंय, किंवा दाराची दोरी, म्हणजे दार हवाबंद बसावं म्हणून त्याच्या कडेच्या खाचेत बसवलेली दोरी, गेली आहे. दोरी तपासायला शेगडी गार असताना कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. पट्टी अडकून राहिली पाहिजे. सहज निघाली तर त्या जागी हवा शिरते. ग्लास फायबरची दोरी जुन्याच जाडीची आणा, खाच खरवडून साफ करा, उष्णता सोसणारा गोंद लावून दोरी न ताणता बसवा. ताणून बसवलेली दोरी बारीक होते आणि पहिल्याच दिवसापासून गळते. काच पुसायला ओला कागद बारीक राखेत बुडवून घासला की पुरतं, अर्थात काच थंड असताना.

काचेवर जे दिसतं तेच नळीत न दिसता साचतं. नळीतला धूर १२० अंशांच्या खाली उतरला की त्यातली वाफ आणि डांबर आतल्या बाजूला बसू लागतात. आणि वाफ कोरड्या लाकडातूनही येते. लाकडातला हायड्रोजन जळून किलोभर कोरड्या लाकडामागे सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होतं. म्हणून चिमणी गरम ठेवण्याला पर्याय नाही. एकपदरी नळी असेल तर शेगडीपासून साधारण ४५ सेंटिमीटर वर चुंबकाचा थर्मामीटर लावा आणि नळीचा पृष्ठभाग १२० ते २४० अंशांत राहील अशी आग चालवा.

डांबर तीन रूपांत दिसतं. भुकटीसारखी काजळी ब्रशनं निघते. चकचकीत काळे पापुद्रे ब्रशनं निघतात, पण जोर लागतो. काचेसारखा घट्ट थर ब्रशला दाद देत नाही. तो माहीतगार माणसाकडूनच काढून घ्यावा. थर ३ मिलिमीटरचा झाला की सफाई करायची, थंडी संपायची वाट बघायची नाही. हा थर पेटला तर चिमणीत तापमान १,००० अंशांच्या वर जातं. चिमणीतून आगगाडीसारखी घरघर ऐकू आली तर दार आणि हवेची सगळी छिद्रं बंद करा, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा. तापलेल्या शेगडीवर किंवा चिमणीत पाणी ओतू नका, बीड आणि विटा तडकतात. नंतर चिमणीची तपासणी झाल्याशिवाय एक काडीही पेटवू नका, आग विझली असं दिसलं तरी.

रात्रभर टिकत नाही

इथे आधी शेगडीचं माप बघावं. ३० लिटरच्या पोटात फाका नेहमीसारख्या रचल्या तर ५ किलोच्या आसपास लाकूड बसतं. किलोला ४ युनिट धरून २० युनिट, त्यातली ७० टक्के घरात आली तर १४. आठ तासांत वाटली की तासाला पावणेदोन युनिट. घराला तासाला ५ युनिट लागत असतील तर पहाटे गारवा येणारच. त्यासाठी लाकूड बदलून काही होणार नाही. रात्री एकदा उठायचं किंवा मोठी शेगडी घ्यायची.

माप पुरेसं असूनही टिकत नसेल तर भरण्याची रीत बदला. झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास निखाऱ्यांचा जाड थर तयार हवा. तो पुढे ओढा, मागे जाड आणि जड फाका एकमेकींना लावून घट्ट रचा, वर एखादं बारीक लाकूड ठेवा. हवा पूर्ण उघडी ठेवून १५-२० मिनिटं सगळ्या फाका वरून काळ्या पडू द्या. मग हवा तीन टप्प्यांत कमी करा. प्रत्येक टप्प्यानंतर पाच मिनिटं थांबा आणि ज्वाळा दिसत राहते का बघा. ज्वाळा गेली आणि नुसता धूर फिरू लागला तर तुम्ही फार पुढे गेलात, परत उघडा.

भरल्या भरल्या हवा बंद करून झोपण्याची सवय सोडाच. न जळलेले वायू पोटात साठतात, एखादा निखारा फुलला की भप्पकन पेटतात आणि दार किंवा नळीचे सांधे हादरवून धूर खोलीत फेकतात. असा आवाज दुसऱ्यांदा आला तर ती शेगडीची खोड नाही, हवा कमी पडते आहे.

उलट तक्रारही असते: कडाक्याच्या थंडीत पोट निखाऱ्यांनी भरतं, नवीन लाकडाला जागा नाही आणि खोली थंड. ओक, बाभूळ असं जड लाकूड सतत घालत राहिलं की असं होतं. निखारे पुढे ओढून ढीग करा, त्यावर पाइनची एक-दोन बारीक फाका टाका, हवा पूर्ण उघडा. अर्ध्या-पाऊण तासात ढीग उतरतो आणि तेवढा वेळ उष्णताही मिळते. निखारे बादलीत काढून फेकू नका. ते चांगलं इंधन आहे, आणि घरातून नेताना धोक्याचं.

निखाऱ्यांतून ज्वाळा दिसत नाही तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, आणि घरातल्या सगळ्यांना एकदम तसंच वाटणं ही त्याची खूण. लगेच बाहेर मोकळ्या हवेत जा आणि वैद्यकीय मदत घ्या. निखारे असताना चिमणीचा डँपर, म्हणजे नळीतली ओढ कमी-जास्त करणारी झडप, पूर्ण बंद करू नका. झोपण्याच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत ठेवणं तर जीवावर बेततं, कितीही थोडे असले तरी.

ज्वाळा भरपूर, खोली थंड

लाकूड कोरडं, काच स्वच्छ, आग जोरात, तरी घर तापत नाही. अशा वेळी थर्मामीटर बघा. नळी २५० अंशांच्या वर असेल तर तुमची उष्णता चिमणीतून निघून जाते आहे. फाकांनी पेट घेतल्यावर हवा कमी करायची राहिली आहे, किंवा दाराची दोरी गळते आहे, किंवा उंच चिमणीची ओढ इतकी जास्त आहे की डँपर बसवावा लागेल. नळी योग्य तापमानावर असेल तर हिशोब करा. तासाला २ किलो कोरडं लाकूड म्हणजे ८ युनिट, त्यातली साडेपाच-सहा घरात. घराला त्याहून जास्त लागत असेल तर छत आणि खिडक्यांच्या फटींकडे वळायला हवं.

शेगडीची खोली भट्टीसारखी आणि पलीकडची गारठलेली असेल तर छोटा पंखा थंड खोलीच्या जमिनीवर, शेगडीकडे तोंड करून ठेवा. थंड जड हवा खालून ढकलली की गरम हवा दाराच्या वरच्या भागातून आपोआप पलीकडे जाते. उलटं करून गरम हवा ढकलण्याचा प्रयत्न फारसा जमत नाही.

उघड्या फायरप्लेसकडून मात्र घर तापवण्याची अपेक्षा ठेवू नका. ती लाकडातल्या उष्णतेपैकी १०-१५ टक्केच खोलीत देते आणि बाकीच्या घरातली तापलेली हवा चिमणीतून ओढून नेते.

राख

दर वेळी तळ घासून राख काढणं चूक आहे. २-३ सेंटिमीटरचा थर निखारे धरून ठेवतो आणि तळाचा पत्रा वाचवतो. मात्र तळाला जाळी असेल आणि हवा तिच्यातून येत असेल तर जाळी मोकळी ठेवा, नाहीतर ती फार तापून वाकते. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर, दगडावर किंवा मातीवर ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात, कागदी पिशवीत किंवा लाकडी ओट्यावर नको. राखेत पुरलेला निखारा तीन-चार दिवस जिवंत राहू शकतो. झाडांना घालायची असेल तर ती पूर्ण थंड झाल्यावर, आणि तीही फक्त साध्या, औषध न लावलेल्या लाकडाची.